सर्वात मोठे विमान कोणते?

कुर्ल्याला जरीमरीत आमच्या आपाचे घर आहे. तिसरा मजला आणि वर गच्ची. विमानतळाची धावपट्टी इतकी जवळ की उतरणारे विमान डोक्यावरून जाऊ लागले की बोलणे थांबवावे लागते आणि ते गेले की सोडले होते तिथून पुढे सुरू करावे लागते. आपा म्हणते, या घरात कोणतेच भांडण पुरे होत नाही, विमान मध्ये येते.

गेल्या सुट्टीत तिथे गेलो तेव्हा एक भांडण मात्र विमानावरूनच चालू होते. थोरला भाचा दहावीत आहे. त्याच्या मते जगातले सर्वात मोठे विमान म्हणजे एअरबस ए३८०, तेच दुमजली, चार इंजिनांचे. धाकटा सहावीत. तो म्हणाला, "नाही, अँटोनोव्ह. त्याला सहा इंजिनं आहेत." थोरल्याने मोबाइल पुढे केला. "ते जळलं कधीच. जे नाही ते कशाला मोजायचं?" धाकट्याचे डोळे भरून आले. मग दोघे माझ्याकडे वळले. "मामू, तुम्हीच सांगा."

मी म्हटले, "आधी तुम्ही सांगा, मोजायचं कशाने? लांबीने, पंखांनी की वजनाने?" दोघेही गप्प झाले. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा अर्धेच ठाऊक होते. पुढचे सारे नंतर वाचून काढले, ते त्यांच्यासाठी आणि आपल्या घरातल्या अशाच भांडखोर मुलांसाठी इथे देत आहे.

मोजण्यासाठी मुंबईच्या माणसाला सोयीचे माप म्हणजे लोकलचा डबा. एक डबा साधारण २० मीटरचा धरू. अँटोनोव्ह एएन-२२५ या विमानाची लांबी होती ८४ मीटर, म्हणजे चार डब्यांहून थोडी जास्त. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतची रुंदी ८८.४ मीटर. पूर्ण भरून उडताना वजन ६४० टनांपर्यंत. ए३८०ची लांबी ७२.७ मीटर, पंख ७९.८ मीटर आणि वजन सुमारे ५७५ टन. तिन्ही मापांत अँटोनोव्ह पुढे. उंचीत मात्र ए३८०ने बाजी मारली आहे. त्याचे शेपूट जमिनीपासून २४ मीटर वर असते, म्हणजे सात-आठ मजली इमारतीइतके. माणसे नेण्यातही त्याच्या जवळपास कोणी नाही.

पण फक्त पंख मोजायचे ठरवले तर हे दोघेही हरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोजावे वाळवंटात स्ट्रॅटोलाँच नावाचे एक विमान आहे, त्याचे पंख ११७ मीटर, जवळजवळ सहा डबे. त्याला धडही एक नाही, दोन आहेत. दोन विमाने शेजारी उभी करून मधल्या पंखाने जोडावीत तसे ते दिसते. वैमानिक उजव्या धडात बसतात. संगणक क्षेत्रातले धनाढ्य पॉल अ‍ॅलन यांनी ते बनवून घेतले. रॉकेट पोटाखाली टांगून आकाशात न्यायचे आणि तिथून सोडायचे, ही कल्पना. इंजिने, चाके वगैरे बरेच सामान त्यांनी दोन जुनी बोइंग ७४७ विमाने विकत घेऊन त्यातून काढले. जगातले सर्वात रुंद विमान जुन्या बाजारातून सामान आणून उभे राहिले, हे ऐकून आमच्या कुर्ल्याच्या भंगारवाल्यांची छाती फुगायला हरकत नाही. ते पहिल्यांदा १३ एप्रिल २०१९ रोजी उडाले. पॉल अ‍ॅलन आदल्या ऑक्टोबरातच वारले होते.

त्याआधी बहात्तर वर्षे पंखांचा विक्रम एका लाकडी विमानाकडे होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अमेरिकेची जहाजे बुडवत होत्या, तेव्हा सैनिकांना समुद्रावरून नेण्यासाठी ७५० माणसे बसतील असे पाण्यावर उतरणारे विमान बांधायचे ठरले. अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होती, म्हणून बहुतेक सगळे बर्च झाडाच्या लाकडाचे केले. हॉवर्ड ह्यूजेस या हट्टी उद्योगपतीने ते हाती घेतले. पंख ९७ मीटरहून जास्त, इंजिने आठ. ते तयार होईपर्यंत युद्ध संपले आणि सरकारचा पैसा कुठे गेला म्हणून त्याची चौकशी सुरू झाली. २ नोव्हेंबर १९४७ रोजी ह्यूजेसने स्वतः सुकाणू धरून ते पाण्यावरून उचलले, सुमारे २१ मीटर उंचीवर, साधारण एक मैल. बस्स. पुन्हा ते कधीच उडाले नाही. आज ते ऑरेगन राज्यातल्या एका संग्रहालयात आहे.

आणि लांबीच मोजायची, हवेत उडणारे काहीही चालेल, असे म्हटले तर आपल्याला १९३७ सालात जावे लागते. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज २४५ मीटर लांब होते. बारा डब्यांची अख्खी लोकल! पण ते पंखांवर तरंगत नव्हते, हायड्रोजन वायूच्या पिशव्यांवर तरंगत होते, आणि ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत उतरताना पेटले ते अर्ध्या-पाऊण मिनिटात संपले. त्याहून लांब हवाई जहाज किंवा विमान पुन्हा आकाशात गेले नाही.

इथपर्यंत ऐकल्यावर धाकट्याने विचारलेला प्रश्न मला सर्वात आवडला. "मामू, मग अजून मोठं का नाही करत? दुप्पट?"

याचे उत्तर कोणताही बावर्ची देऊ शकेल. लग्नाच्या देगीचा विचार करा. एक देग घ्या आणि तिच्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद दुसरी देग बनवा. तिच्यात भात दुप्पट नाही, आठपट मावेल, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या. पण जी आच लागते तो तळ फक्त चौपट वाढला. म्हणजे प्रत्येक किलो भाताच्या वाट्याला आधीच्या निम्माच तळ आला. वर भात कच्चा, खाली करपलेला. म्हणून जाणता बावर्ची हजार माणसांसाठी एक अजस्र देग चढवत नाही, दहा देगी लावतो.

विमानाचेही असेच आहे. विमान उचलतो तो पंखाचा पृष्ठभाग, तो चौपट वाढतो. उचलायचे असते ते वजन, ते आठपट वाढते. शिवाय लांब पंख मुळाशी मोडू नये म्हणून तो जाड करावा लागतो, जाड केला की जड होतो, जड झाला की आणखी मोठा पंख लागतो. या फेऱ्यातून सुटण्यासाठी हलके आणि चिवट धातू, कार्बनचे धागे, ताकदवान इंजिने असे एकेक उपाय निघाले, पण फेरा कायम आहे.

दुसरी अडचण जमिनीवरची. विमान कितीही मोठे केले तरी ते उभे राहणार विमानतळावरच. तिथल्या वाटा, उभे राहण्याच्या जागा, शेजारच्या विमानाशी ठेवायचे अंतर, हे सगळे ठरावीक मापाचे असते. आंतरराष्ट्रीय नियमात विमानांचे पंखांच्या रुंदीप्रमाणे वर्ग पाडले आहेत. प्रवासी विमानतळांसाठीचा सर्वात मोठा वर्ग ६५ ते ८० मीटर. आता ए३८०चे पंख पुन्हा पाहा, ७९.८ मीटर. म्हणजे वीतभर जागा शिल्लक ठेवून ते बसवले आहे. छोट्या घराच्या दारातून कपाट आत न्यायचे तर आधी दार मोजून कपाट करवून घ्यावे, तसा हा प्रकार. ए३८०चे चित्र पाहिले तर त्याचे पंख मुळाशी फार रुंद आणि लांबीने आखूड वाटतात. त्याचे एक कारण ही ऐंशी मीटरची चौकट. बोइंगने आपल्या नव्या ७७७-९ला वेगळी युक्ती केली. त्याचे पंख उडताना ७१.८ मीटर असतात आणि जमिनीवर आल्यावर टोके वर दुमडून ६४.८ मीटर होतात, म्हणजे एका वर्गाने खाली येऊन लहान जागेत उभे राहता येते.

पंखांबरोबर वजनाचाही प्रश्न असतो. एवढा भार धावपट्टीच्या एकाच जागी पडला तर ती खचेल, म्हणून तो पुष्कळ चाकांवर वाटतात. ए३८०ला २२ चाके आहेत, अँटोनोव्ह एएन-२२५ला ३२ होती. हवेतसुद्धा या धुडांचा त्रास इतरांना होतो. पंखांच्या टोकांपासून मागे हवेचे भोवरे सुटतात, त्यात लहान विमान सापडले तर उलटू शकते. म्हणून ए३८०चा वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलताना विमानाच्या नावापुढे 'सुपर' हा शब्द जोडतो आणि मागच्या विमानाला जास्त अंतर राखावे लागते. जरीमरीच्या गच्चीवर ए३८० उतरल्यानंतर जरा वेळ शांतता मिळते ती त्यामुळे. आपाला हे सांगितल्यावर तिचा त्या विमानावरचा राग बराच कमी झाला.

आमच्या पिढीला मात्र मोठे विमान म्हटले की जम्बोच आठवते. बोइंग ७४७. त्याचे पहिले उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ रोजी झाले. पुढचा उंचवटा हा त्याचा ओळखीचा भाग शोभेसाठी नव्हता. बांधणाऱ्यांना वाटत होते की लवकरच आवाजाहून वेगवान विमाने माणसे नेऊ लागतील आणि जम्बो फक्त माल वाहायला उरेल. तेव्हा नाक उघडून सरळ आत सामान भरता यावे म्हणून वैमानिकांची खोली वर नेली. झाले उलटेच. वेगवान विमाने महाग पडून बंद झाली आणि जम्बोने जगाला प्रवास परवडू लागेल असा केला. १,५७४ जम्बो बनली. शेवटचे जानेवारी २०२३मध्ये मालकाच्या ताब्यात गेले. त्याचा शेवटचा नमुना, ७४७-८, हा ७६.३ मीटर लांब आहे, म्हणजे ए३८०पेक्षाही लांब. बोइंग ७७७-९ त्याच्याहून दोन वितींनी लांब.

एअर इंडियाचे पहिले जम्बो १९७१ साली आले. नाव 'एम्परर अशोक', खिडक्यांभोवती राजस्थानी झरोके रंगवलेले. कोकणातल्या आणि मुंबईतल्या किती घरांतली माणसे अशा विमानांतून पहिल्यांदा आखातात गेली याचा हिशेब नाही. त्याच 'एम्परर अशोक'ने १ जानेवारी १९७८च्या रात्री दुबईसाठी उड्डाण केले आणि थोड्याच वेळात ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमानाची तिरपी अवस्था दाखवणाऱ्या एका उपकरणात बिघाड झाला होता आणि अंधारात खाली समुद्र, वर आकाश, काहीच वेगळे दिसत नव्हते. सत्तर मीटरचे विमान, आणि चुकला तो तळहाताएवढा काटा.

हजलाही जम्बोने बदलले. आमच्या दादीच्या वेळी मुंबईहून जहाज निघायचे. निरोप द्यायला सारे गाव गोदीवर जायचे आणि जेद्दाहून खुशालीचे पत्र येईपर्यंत घरात कोणी मोकळेपणाने हसायचे नाही. समुद्रातून हजला जाणे १९९५ साली बंद झाले. जे अंतर कापायला आठवड्याहून जास्त लागे, ते आता सकाळी निघून दुपारी संपते. हे जमले ते एका खेपेत चारशेच्या आसपास माणसे नेणाऱ्या विमानांमुळे. हजच्या दिवसांत थोड्याच आठवड्यांत सगळ्यांना पोचवायचे असते आणि तितक्याच आठवड्यांत परत आणायचे असते, तिथे मोठ्या विमानाचे खरे मोल कळते.

माणसे जास्त बसवायची तर ती बाहेरही पडली पाहिजेत. नियम असा आहे की निम्मे दरवाजे बंद धरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर आले तरच विमानाला परवानगी. ए३८०ची ही परीक्षा मार्च २००६मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला झाली. अंधार केलेला, सोळापैकी आठच दरवाजे उघडणारे, वाटेत उशा आणि सामान टाकलेले. ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत घसरगुंड्यांवरून खाली आले. आमच्या सोसायटीत चाळीस माणसे लग्नाच्या बसमधून उतरायला किती वेळ घेतात ते आठवा.

एवढे करूनही ए३८० टिकले नाही. भरलेल्या टाक्यांत सुमारे ३ लाख २० हजार लिटर इंधन, म्हणजे वीस हजार लिटरचे सोळा टँकर. जागा भरल्या तर स्वस्त, रिकाम्या राहिल्या तर दिवाळे. दरम्यान दोन इंजिनांची विमाने इतकी भरवशाची झाली की तीही महासागर ओलांडू लागली, आणि लोकांना मोठ्या शहरात उतरून दुसरे विमान पकडण्यापेक्षा लहान विमानाने थेट आपल्या गावी जाणे बरे वाटू लागले. एकूण २५१ ए३८० बनली. त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. डिसेंबर २०२१नंतर एकही नवे बनलेले नाही. थोरल्या भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो जरा वेळ काही बोलला नाही. जे आहे तेच मोजायचे, हा त्याचा नियम त्याच्याही विमानाला हळूहळू लागू होणार होता.

आता धाकट्याचे अँटोनोव्ह. त्याचे नाव होते 'म्रिया', युक्रेनच्या भाषेत स्वप्न. धाकटा त्याला रशियाचे विमान समजत होता. सोव्हिएत संघाचे म्हटले तर चूक नाही, पण ते बनले युक्रेनमध्ये, कीव्हला. सोव्हिएत संघाचे 'बुरान' हे अंतराळयान पाठीवर घेऊन जाण्यासाठी. पाठीवर यान असताना मागच्या शेपटाला सरळ वारा लागणार नाही, म्हणून शेपटाची दोन पाती करून ती दोन टोकांना लावली. पहिले उड्डाण २१ डिसेंबर १९८८. तीन वर्षांत सोव्हिएत संघ मोडला, बुरानही बंद पडले. म्रियाची इंजिने काढून दुसऱ्या विमानांना लावली गेली आणि ते कित्येक वर्षे सांगाड्यासारखे उभे राहिले. २००१ साली दुरुस्त होऊन ते पुन्हा उडाले, आणि मग मात्र जगभर फिरले.

त्याच्या पोटात ४३ मीटर लांब मोकळी जागा होती. राइट बंधूंचे १९०३चे पहिले उड्डाण साडेछत्तीस मीटरचे. म्हणजे ते उड्डाण म्रियाच्या पोटातल्या पोटात पार पडले असते! २००९मध्ये त्याने आर्मेनियातल्या वीज केंद्रासाठी जवळपास १९० टनांचा एकसंध जनरेटर नेला. मे २०१६मध्ये ऑस्ट्रेलियाला असाच एक जनरेटर नेताना ते हैदराबादला थांबले, आणि तेव्हा पुष्कळ भारतीयांनी ते प्रत्यक्ष पाहिले. २०२०च्या एप्रिलमध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत चीनहून पोलंडला मास्क आणि संरक्षक पोशाख घेऊन गेले ते हेच. असे विमान जगात एकच होते. दुसऱ्याचे धड बरेचसे तयार होते, पण ते पुरे झाले नाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा म्रिया कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर उभे होते. पहिल्याच दिवसांत तिथे लढाई झाली. नंतर आलेल्या चित्रांत मोडलेल्या छपराखाली त्याचे जळालेले नाक दिसते. बांधायला हजारो माणसांची वर्षे लागली होती.

त्याचा लहान भाऊ, एएन-१२४, अजून उडतो. ६९ मीटर लांब, ७३ मीटर पंख, वजन चारशे टनांच्या आसपास. मे २०२१मध्ये आपल्याकडे माणसे प्राणवायूसाठी तडफडत होती, तेव्हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून तीन ऑक्सिजन यंत्रे आणि एक हजार व्हेंटिलेटर घेऊन जे विमान दिल्लीला उतरले ते एएन-१२४ होते. एकेक यंत्र १८ टनांचे. त्या रमजानमध्ये आपल्यापैकी कितीजण सिलिंडरसाठी रात्र-रात्र रांगेत होते. ती यंत्रे साध्या विमानाच्या दारातून आत गेलीच नसती.

हे सगळे सांगून झाल्यावर मला वाटले होते, पोरे आता म्हणतील "मामू, पण मोठं कोण ते सांगा." धाकटा म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी मीटर म्हणजे नेमके किती, ते बघूया." आम्ही तिघे खाली उतरलो. त्याची एक ढांग अर्धा मीटर धरली, म्हणजे १७६ ढांगा. तो आपाच्या दारापासून मोजत निघाला. पिठाची गिरणी झाली, दर्ग्याकडे जाणारे वळण झाले, बेकरी झाली. १४१ला गल्ली संपली आणि पुढे रस्त्यावरच्या रिक्षा होत्या. थोरल्याने त्याचा हात धरला, दोन्हीकडे पाहिले आणि दोघांनी मिळून उरलेल्या पस्तीस ढांगा रस्ता ओलांडून पुऱ्या केल्या.